आवाजाला वाट काढून देणारा यंत्रज्ञ : हायरम पर्सी मॅक्झिम

वाशिमच्या पेठेतून, कारंज्याच्या जिनांवरून किंवा रिसोडच्या रस्त्याने जाताना यंत्रांचे नाना आवाज आपल्या कानी पडतात. सोयाबीनची पोती लादलेली पिकअप गाडी चढणीला लागली की घुमू लागते. ट्रॅक्टर बाजार समितीच्या आवारात शिरताना धडधडतो. फटफटी तर आपल्या नावातच आपला आवाज सांगते. विजेचे पंप सर्वत्र येण्यापूर्वी विहिरीवरच्या ऑईल इंजिनाचा भकभक आवाज दूरवर ऐकू जात असे. तथापि इतक्या इंजिनांच्या सहवासात राहूनही आपण एकमेकांशी बोलू शकतो, शिक्षकांना वर्गात शिकविता येते आणि आजाऱ्याला झोप लागते, ह्याचे श्रेय त्या इंजिनांच्या धुराच्या नळीला जोडलेल्या एका साध्या पत्र्याच्या डब्यास आहे. आपले मिस्त्री त्याला सायलेन्सर म्हणतात. अमेरिकेत मोटारीच्या ह्या डब्यास मफलर असे नाव आहे. आपल्याकडे मफलर म्हणजे पौषातल्या थंडीत कानाभोवती गुंडाळावयाचा कपडा. परंतु दोहोंचे काम पाहिले असता ते नाव अगदीच विजोड वाटत नाही.

सायलेन्सर हे नाव ज्यांच्यामुळे जगाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले, त्या हायरम पर्सी मॅक्झिम यांचे चरित्र आपल्या शाळेतील मुलामुलींनी वाचण्याजोगे आहे. ते केवळ एका वस्तूचे संशोधक नव्हते. ज्या घराण्याने जगाला सर्वांत कर्कश शस्त्र दिले, त्याच घराण्यात जन्मून त्यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग आवाज कमी करण्याच्या कामी वेचला. हा विरोध कसा घडून आला, हेच ह्या चरित्राचे मर्म होय.

पर्सीचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी न्यूयॉर्कजवळील ब्रुकलिन येथे झाला. त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हे मेन संस्थानातील एका खेड्यातून आलेले, फारसे शालेय शिक्षण न झालेले, परंतु विलक्षण बुद्धीचे कारागीर होते. विजेचे दिवे, वाफेची यंत्रे, ज्योतीवर चालणारी उपकरणे अशा अनेक गोष्टींत त्यांचे हात गुंतलेले असत. पर्सीचे काका हडसन मॅक्झिम हेही पुढे स्फोटक द्रव्यांचे संशोधक म्हणून नावारूपास आले. अशा घरात मुलाचे खेळणे म्हणजे हत्यारे आणि मुलाचा प्रश्न म्हणजे हे यंत्र आतून कसे चालते, हाच असावयाचा. वडील मोठे खोडकर होते. मुलाची गंमत करावी, त्याला कोड्यात टाकावे आणि उत्तर त्याचे त्यालाच शोधू द्यावे, अशी त्यांची रीत असे.

परंतु हे दिवस फार काळ टिकले नाहीत. १८८१ साली पॅरिस येथे विजेचे मोठे प्रदर्शन भरले. वडील आपल्या कंपनीच्या वतीने तिकडे गेले आणि पुढे युरोपातच राहिले. लंडनमध्ये त्यांनी दुसरा संसार मांडला. इकडे पर्सी व त्याच्या दोन बहिणी ह्यांना वाढविण्याचा भार त्यांची आई जेन हिच्यावर पडला. त्या वेळी पर्सीचे वय अवघे बारा वर्षांचे होते. ज्या पित्याच्या मागे मागे तो कारखान्यात हिंडत असे, तो पिता त्याच्या बाळपणातून असा एकाएकी नाहीसा झाला.

लंडनमध्ये त्या पित्याने १८८४ च्या सुमारास स्वयंचलित मशीनगन तयार केली. गोळी सुटताना बंदुकीला जो मागे धक्का बसतो, त्याच धक्क्याच्या जोरावर पुढचे काडतूस आपोआप भरले जाईल, अशी तिची रचना होती. मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या तिच्यातून सुटत. आफ्रिकेतील लढायांत ह्या तोफेने हजारो माणसे लोळविली. १८९८ सालची सुदानातील ओमदुर्मानची लढाई त्यांपैकीच एक. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश, जर्मन आणि रशियन अशा परस्परांच्या शत्रू असलेल्या सैन्यांच्या हाती ह्याच तोफेच्या निरनिराळ्या आवृत्त्या होत्या. १९०१ साली वडील सर हायरम मॅक्झिम झाले. तथापि त्या कीर्तीचे मोल त्यांच्या स्वतःच्या देहानेही दिले. वर्षानुवर्षे तोफांच्या आवाजाजवळ उभे राहिल्याने त्यांचे कान निकामी होत गेले व उतारवयात त्यांना जवळजवळ ऐकू येईनासे झाले.

इकडे पर्सीने बोस्टन येथील मॅसाच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या प्रसिद्ध संस्थेतील यंत्रविद्येचा अभ्यासक्रम १८८६ साली, वयाची सतरा वर्षे पूर्ण होण्याच्या आत, पुरा केला. त्यानंतर काही वर्षे निरनिराळ्या ठिकाणी नोकरी करून तो लिन नावाच्या गावी तोफगोळे तयार करणाऱ्या एका कारखान्यात लागला. १८९२ सालची गोष्ट. एका रात्री सायकलवरून घरी परतत असता त्याच्या मनात आले की, पाय न मारता ही सायकल एखाद्या लहानशा इंजिनाने चालविता आली तर माणसाचे सारे जीवनच पालटून जाईल. जर्मनीत डेमलर आणि बेंझ ह्यांनी सहासात वर्षांपूर्वीच असे इंजिन गाडीला जोडले होते, हे त्या तरुणास ठाऊक नव्हते. त्याने आपली वाट आपणच शोधावयास प्रारंभ केला.

पेट्रोल किती जोराने पेटते हे पाहण्यासाठी त्याने तोफेच्या रिकाम्या काडतुसात पेट्रोलचा थेंब टाकून वर पेटलेली काडी सोडली. मुलांनी हा प्रयोग कदापि करू नये. त्याच्याही बाबतीत ज्वाळा एकदम वर उसळली. परंतु एवढ्या एका थेंबात केवढी शक्ती दडलेली आहे, हे त्याला त्या दिवशी कळले. तीन सिलिंडरांचे एक इंजिन त्याने दिवसाची नोकरी सांभाळून, रात्री जागून तयार केले आणि १८९५ साली ते एका तीन चाकी सायकलवर बसविले.

त्याच वर्षी हार्टफर्ड शहरातील पोप कंपनीने त्याला आपल्या मोटार विभागात घेतले. कर्नल अल्बर्ट पोप हे अमेरिकेतील सायकलींचे सर्वांत मोठे कारखानदार. त्यांचा ओढा विजेच्या गाड्यांकडे होता. ज्या गाडीत बसावयाचे तिच्याच पोटात स्फोट होत राहणार, अशा गाडीत शहाणा मनुष्य बसणार नाही, असे पोप यांचे मत होते, ही गोष्ट त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. त्यामुळे मॅक्झिम यांना १८९७ पासून विजेच्या कोलंबिया गाड्यांच्या कामातही लक्ष घालावे लागले. तथापि पेट्रोलच्या इंजिनावरील त्यांचा विश्वास ढळला नाही. १८९९ साली ब्रॅनफर्ड येथे बंदिस्त वर्तुळाकार मार्गावर मोटारींची शर्यत झाली. अमेरिकेतील अशा प्रकारची ती पहिलीच समजली जाते. ती मॅक्झिम यांनी पेट्रोलवर चालणारी कोलंबिया गाडी हाकून जिंकली. त्याच्या आदल्या वर्षी, १८९८ च्या डिसेंबरात, मेरीलँड संस्थानच्या एका माजी गव्हर्नरांची कन्या जोसेफिन हॅमिल्टन हिच्याशी त्यांचा विवाह झाला होता.

पोप यांची शंका अगदीच निराधार नव्हती. इंजिनाच्या सिलिंडरात पेट्रोल व हवा ह्यांचे मिश्रण पेटते. त्यातून झालेला तप्त वायू पिस्टनला ढकलतो आणि काम झाल्यावर एक झडप उघडून तो बाहेर पडतो. ती झडप उघडते त्या क्षणी आतील वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. हा कोंडलेला वायू मोकळ्या हवेवर एकदम आदळला म्हणजे धमाका होतो. फुग्याला टाचणी लावली तर केवढा आवाज होतो! परंतु त्याच फुग्याची गाठ सैल करून हवा हळूहळू जाऊ दिली तर नुसते फुस्स होते. हवा दोन्ही वेळी तितकीच असते. अंतर केवळ वेळेचे. आठ सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे करीत असले, तर असे ८,००० धमाके एका मिनिटात होतात. मोटारीच्या आरंभकाळात रस्त्यावरची घोडी बुजत आणि माणसे शिव्याशाप देत, त्यात नवल ते काय?

येथे इतिहासाशी प्रामाणिक राहून एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोटारीच्या इंजिनाला आवाज कमी करणारा डबा जोडण्याची कल्पना सर्वप्रथम मॅक्झिम यांनाच सुचली असे नाही. इंडियाना संस्थानातील मिल्टन रीव्ह्ज यांनी इंजिनाच्या मफलरचे पेटंट मे १८९७ मध्येच मिळविले होते. मॅक्झिम ह्या प्रश्नाकडे वळले ते काही काळाने, आणि तेही दुसऱ्याच वाटेने.

मॅक्झिम यांना नेमबाजीचा नाद होता. परंतु आपल्या करमणुकीचा शेजाऱ्यांना उपद्रव होतो, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देत नसे. नेम धरण्यात आनंद आहे, आवाजात तो नाही. मग आवाज का सोसावा, असा प्रश्न त्यांनी आपल्या मनाशी केला. पुष्कळ खटपट करूनही उत्तर सापडेना. एके दिवशी सकाळी स्नान झाल्यावर टबातील पाणी खालच्या भोकातून जात असता त्यांचे लक्ष तिकडे गेले. पाणी सरळ न जाता गरगर फिरत होते, आणि त्या भोवऱ्याच्या मध्यभागी पोकळ वाट राहिली होती. फिरणाऱ्या पाण्याला बाहेर जावयास वेळ लागतो; वायूलाही असेच फिरविले तर? मध्यभागीच्या पोकळ वाटेने गोळी सरळ निघून जाईल आणि तिच्यामागून येणारा वायू मात्र भोवऱ्यात सापडून सावकाश बाहेर पडेल. आपणही रोज न्हाणीघरात पाणी जाताना पाहतो. परंतु ज्याच्या मनात प्रश्न आधीपासून घर करून बसलेला असतो, त्यालाच असे पाणी उत्तर देते.

ह्या तत्त्वावर त्यांनी एक नळकांडे तयार केले. त्यात एकामागून एक वळणदार पडदे होते. मार्च १९०९ मध्ये त्याचे पेटंट त्यांना मिळाले आणि मॅक्झिम सायलेन्सर हे नाव लवकरच सर्वतोमुखी झाले. चित्रपटांत दाखवितात तशी बंदूक त्याने मुकी होत नाही. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर हवा चिरल्याचा तिचा स्वतःचा कडाडा उरतोच; सायलेन्सर शांत करतो तो केवळ नळीच्या तोंडाशी होणारा वायूचा धमाका. तरीही ह्या वस्तूचा उपयोग दुष्ट लोक करतील, अशी भीती अमेरिकेत पसरली. काही संस्थानांनी तिच्यावर बंदी घातली आणि १९३४ साली मध्यवर्ती सरकारने प्रत्येक नगावर २०० डॉलर इतका जबर कर बसविला. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून केलेली वस्तू लोकांना मारेकऱ्याचे साधन वाटू लागली. वस्तू निर्माण करणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी ती कोणाच्या हाती पडेल हे त्याच्या अधीन नसते, हा कटु अनुभव पित्याप्रमाणे पुत्रालाही निराळ्या रीतीने आला.

तथापि बंदुकीच्या सायलेन्सरला घातक ठरविणारा कायदा येण्यापूर्वीच मॅक्झिम यांचा कारखाना दुसऱ्या दिशेला वळला होता. वायूला वळवून त्याला वेळ लावावा, हे तत्त्व जसे बंदुकीस तसेच इंजिनासही लागू पडते. डिझेल इंजिने, हवा दाबणारी यंत्रे, मोठमोठे पंखे अशा अनेक यंत्रांसाठी त्यांचा कारखाना सायलेन्सर करू लागला. पुढे शहरातील घराच्या खिडकीतून हवा आत यावी परंतु रस्त्याचा गलका येऊ नये, असेही एक साधन त्यांनी काढले. गोंगाट हा सुधारणेचा अटळ सोबती नसून यंत्राच्या रचनेतील उणीव आहे, असे ते मानीत.

ह्या तत्त्वाची खरी परीक्षा कोठे होते हे पाहावयाचे असेल, तर जुन्या पिकअप ट्रकाचे उदाहरण घ्यावे. १९३२ साली फोर्ड कंपनीने सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत आठ सिलिंडरांचे इंजिन आणले. त्यात चार सिलिंडर एका बाजूस व चार दुसऱ्या बाजूस असे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात मांडलेले असत. अशा इंजिनाच्या जुन्या ट्रकांचे शौकीन पुढे प्रत्येक बाजूस स्वतंत्र नळी व स्वतंत्र सायलेन्सर बसवू लागले. आपल्याकडे त्यास डबल सायलेन्सर म्हणतात. आता ह्या दोन नळ्यांना कोणता सायलेन्सर निवडावा, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातल्या खरेदीचा; परंतु त्याच्या मुळाशी मॅक्झिम यांचेच तत्त्व आहे.

सायलेन्सरचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात आतमध्ये कप्पे व आडवे पडदे असतात आणि वायूला उलटसुलट फिरत जावे लागते. ह्याने आवाज पुष्कळ कमी होतो. परंतु वाट फारच अरुंद केली तर वायू तुंबतो, मागे दाब निर्माण होतो आणि इंजिनाला जुना धूर बाहेर ढकलण्यातच शक्ती खर्च करावी लागते. दुसऱ्या प्रकारात भोके पाडलेली सरळ नळी असते व तिच्याभोवती काचेची लोकर ठासलेली असते. वायू सरळ निघून जातो, आवाज मात्र लोकरीत मुरतो. इंजिन मोकळेपणाने श्वास घेते. परंतु आवाज पहिल्या प्रकाराहून अधिक राहतो आणि काही वर्षांनी लोकर जळून उडून गेली की तो आणखी वाढतो. डबा जितका लांब व मोठा तितकी वायूला पसरावयास जागा अधिक व आवाज कमी, हा नियम दोहोंस सारखाच.

दोन नळ्यांमुळे आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. अशा इंजिनात एका बाजूचे चार धमाके समान अंतराने होत नाहीत. म्हणून प्रत्येक नळीतून अडखळता आवाज निघतो. दोन्ही नळ्यांना मध्ये एका आडव्या नळीने जोडले असता दाब वाटला जातो व आवाज सौम्य होतो. दुसरी गोष्ट पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. नळ्या दोन असल्याने प्रत्येकीतून निम्माच तप्त वायू जातो, ती पुरेशी तापत नाही, वाफेचे पाणी सायलेन्सरमध्येच साचते आणि पत्रा आतून गंजतो. गाडी रोज थोडेच अंतर चालत असेल तर हे फार लवकर होते. म्हणून शहाणा मालक दोन्ही बाजूंस सारखेच, इंजिनाच्या मापाचे, गंजाला टिकणाऱ्या पत्र्याचे सायलेन्सर घेतो. केवळ दुकानात आवाज ऐकून भुलत नाही. ट्रकाला मुका करावयाचे नसते आणि त्याचा गळाही दाबावयाचा नसतो. जोर जाईल परंतु धक्का राहणार नाही, अशी वाट त्याला काढून द्यावयाची असते.

मॅक्झिम यांच्या आयुष्यातील दुसरे मोठे कार्य बिनतारी संदेशाचे. आपल्या मुलाच्या सोबतीने त्यांना ह्या विद्येचा छंद जडला. एप्रिल १९१४ मध्ये त्यांना सुमारे ४० किलोमीटरांवरील स्प्रिंगफील्ड गावच्या एका गृहस्थास संदेश पाठवावयाचा होता. परंतु त्यांचे यंत्र तेथवर पोहोचेना. वाटेतल्या विंडसर लॉक्स गावी असाच एक छंदिष्ट होता. त्याने संदेश घेतला आणि पुढे पाठविला. ह्या लहानशा प्रसंगावरून मॅक्झिम यांच्या ध्यानी आले की, हौशी मंडळींनी एकमेकांचे संदेश असे हातोहात पुढे नेले तर सारा देश जोडता येईल. क्लॅरेन्स टस्का नावाच्या तरुणास बरोबर घेऊन त्यांनी त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था काढली. डिसेंबर १९१५ पासून तिचे मासिक निघू लागले. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरताच सरकारने हौशी केंद्रे बंद केली. युद्ध संपल्यावरही ती उघडावयास अधिकारी राजी नव्हते; तेव्हा मॅक्झिम यांनी सतत प्रयत्न करून १९१९ साली तो हक्क परत मिळविला. १९२५ मध्ये पॅरिस येथे सर्व जगातील हौशी मंडळींचा संघ स्थापन झाला आणि त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ज्या पॅरिसने चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या पित्याला त्यांच्यापासून तोडले, त्याच शहरात पुत्राने निरनिराळ्या देशांतील माणसे एका सूत्रात गुंफली.

विशेष गमतीची गोष्ट ही की, त्यांचे स्वतःचे ठिणग्यांचे संदेशयंत्र अतिशय कडकडाट करी. त्याला त्यांनी लाडाने म्हातारी बेट्सी असे नाव दिले होते आणि ते आजही त्या संस्थेने जपून ठेवले आहे. आकाशातील गोंगाटावर मात्र त्यांचा फार राग. अनेकजण एकाच वेळी बोलू लागले की कोणाचेच काही ऐकू येत नाही. अशा बेशिस्त मंडळींना कोपरखळ्या मारणारे विनोदी लेख त्या मासिकात एक अज्ञात म्हातारा लिहीत असे. वाचक त्याची आतुरतेने वाट पाहत. तो म्हातारा म्हणजे खुद्द संस्थेचे अध्यक्ष मॅक्झिम होते, हे वाचकांना त्यांच्या मृत्यूनंतर कळले.

वडील २४ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडन येथे वारले. त्या वेळी फ्रान्सच्या रणभूमीवर त्यांच्याच तोफेच्या वंशातील तोफा अहोरात्र धडधडत होत्या. पित्याने बाळपणी टाकून दिलेल्या मुलाने त्या पित्याविषयी काय लिहावे? मॅक्झिम यांनी पुष्कळ वर्षे थांबून, उतारवयात, पित्याच्या आठवणींचे एक पुस्तक लिहिले. ते १९३६ साली प्रसिद्ध झाले. त्यात कडवटपणाचा लवलेश नाही. मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेला एक खट्याळ, हट्टी, अचाट बुद्धीचा बाप त्यात आपणास भेटतो आणि वाचताना हसू आवरत नाही. दहा वर्षांनी त्यावरून एक चित्रपटही निघाला. दुःख गिळून टाकता येते आणि दुसऱ्यावर ओकताही येते. मॅक्झिम यांनी तिसरी वाट धरली. त्यांनी त्याला वेळ दिला आणि मग ते सौम्य रूपाने बाहेर येऊ दिले.

मोटारीच्या आरंभकाळावरील त्यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९३७ साली, निघाले. हौशी चित्रपट काढणाऱ्यांची एक संस्थाही त्यांनी १९२६ साली स्थापिली होती. अखेरच्या वर्षांत त्यांचे मन ग्रहताऱ्यांकडे लागले. विश्वात अन्यत्र जीव असतील काय, ह्या विषयावर १९३३ साली त्यांनी ग्रंथ लिहिला. १९३६ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळा पाहण्यासाठी ते आगगाडीने निघाले असता वाटेत घशाच्या विकाराने आजारी पडले. कोलोराडो संस्थानातील ला हुंटा गावी त्यांना उतरविण्यात आले आणि तेथेच १७ फेब्रुवारी रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९३८ साली न्यूइंग्टन येथे त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले रेडिओ केंद्र आजही त्यांच्याच संकेतनामाने संदेश पाठवीत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या देशात १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांनी प्रत्येक मोटारगाडीस, शेतीच्या ट्रॅक्टरसही, आवाज कमी करणारा सायलेन्सर आवश्यक ठरविला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी शाळा, रुग्णालये व न्यायालये ह्यांच्याभोवतीचा १०० मीटरांपर्यंतचा प्रदेश शांतताक्षेत्र मानण्याची तरतूद केली असून तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा घातली आहे. तरीही काही तरुण आपल्या फटफटीचा सायलेन्सर काढून किंवा बदलून रस्त्याने गर्जत जातात. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले आहेत. आवाज वाढला म्हणजे शक्ती वाढली असे ह्या तरुणांना वाटते. वस्तुतः त्यांनी फुग्याला टाचणी लावलेली असते, एवढेच.

एखाद्या गॅरेजात कापलेला जुना सायलेन्सर पडलेला दिसला, तर मिस्त्रीकाकांची परवानगी घेऊन त्याच्या आत अवश्य डोकावून पाहा. काजळीने माखलेले ते पडदे, त्या भोकांच्या नळ्या आणि वळणावळणांची ती वाट पाहिली म्हणजे बाहेरून ओबडधोबड दिसणाऱ्या डब्यात किती विचार भरलेला आहे, हे तुम्हांस उमगेल. आणि पालकांस एवढीच विनंती आहे की, मुलगा गाडी मागेल त्या दिवशी तिच्या चाव्या देण्यापूर्वी त्याला हे चरित्र वाचावयास द्यावे. कदाचित तो तुमच्या गल्लीतील आजाऱ्याची झोप न मोडता घरी येईल. आणि कदाचित, कोणी सांगावे, आज आपल्याला अटळ वाटणाऱ्या एखाद्या गोंगाटावर तो उद्या उपायही शोधून काढील.